न सांगता ठरलेला आकडा

‘डिफॉल्ट’ हा शब्द आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसाने प्रथम ऐकला तो संगणकाच्या संबंधात नव्हे, तर विकास सोसायटीच्या नोटिशीत. पीककर्ज मुदतीत फिटले नाही की गृहस्थ ‘डिफॉल्टर’ ठरतो; त्याचे नाव थकबाकीदारांच्या यादीत चढते, पुढील हंगामाचे कर्ज अडते, आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहण्याचा मानही तो गमावून बसतो. म्हणूनच आमच्या महाविद्यालयाच्या एका बैठकीत संगणक विभागाचे तरुण प्राध्यापक जेव्हा म्हणाले, “सर, प्रथम आपल्याला डिफॉल्ट ठरवून टाकावे लागेल,” तेव्हा इतिवृत्त लिहीत बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या आमच्या भाऊसाहेबांची लेखणी जागच्या जागी थांबली. त्यांनी माझ्याकडे किंचित वाकून हलक्या आवाजात विचारले, “कोणाला ठरवायचं, सर?”

त्या वेळी मला हसू आले खरे. पण घरी परतताना तो प्रश्न काही मनातून जाईना. संगणकाच्या परिभाषेत डिफॉल्ट म्हणजे कोणी काहीच सांगितले नाही तर जे आपोआप लागू होते ते. नवा फोन घेतला की तो ज्या सुरात वाजतो तो सूर डिफॉल्ट. लिहावयास कोरे पान उघडले की अक्षरे ज्या आकाराची उमटतात तो आकार डिफॉल्ट. आपण काही निवडलेले नाही, तेव्हा कोणीच काही निवडलेले नाही, असा आपला समज असतो. वस्तुतः आपल्या आधीच, आपल्याला न विचारता, कोणीतरी निवडून मोकळा झालेला असतो. सुराच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. परंतु जेथे थोडे पुष्कळांत वाटावयाचे असते, तेथे हा न सांगता ठरलेला आकडा कोणाला तरी ठरवीत असतो, आणि हे भाऊसाहेबांना नकळत कळले होते.

प्रकरण असे होते. गेल्या वर्षापासून आमच्या संस्थेने एक सॉफ्टवेअर वर्गणीने घेतले आहे. ते आमच्या संगणकांत नसते. दूर कोठेतरी प्रचंड यंत्रागारात चालते, आणि त्या यंत्रागाराला ‘क्लाउड’ असे काव्यमय नाव आहे. (माणदेशाच्या कडेला राहणाऱ्या आम्हा लोकांना मेघाचे अप्रूप काही कमी नाही, पण हा मेघ वाटेल त्याच्यावर बरसत नाही, मोजून बरसतो.) पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घ्यावे आणि मग दिवसरात्र वापरावे, अशी रीत होती. पुढे माणशी वर्गणीची रीत आली. आता कृत्रिम बुद्धीची यंत्रे त्यात शिरल्यापासून प्रत्येक प्रश्नामागे विक्रेत्याची वीज आणि यंत्राचा वेळ खर्ची पडतो. आणि म्हणून ‘क्रेडिट’ नावाचे एक नवे नाणे पाडण्यात आले आहे. संस्थेने महिन्याच्या आरंभी ठरावीक क्रेडिटे घ्यावीत, प्रत्येक कामागणिक ती वजा होत जावीत, आणि महिनाअखेर उरतील ती बुडावीत, असा आमचा करार आहे.

या नाण्याला ‘क्रेडिट’ म्हणावे हे मला मोठे चमत्कारिक वाटते. क्रेडिट म्हणजे पत. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तो सावकाराच्या दारी ज्याला पत नव्हती त्याला ती मिळावी म्हणून. पत म्हणजे आज घ्यावे आणि सुगीला फेडावे. येथे सारा व्यवहार उलटा! पैसे आधी मोजावयाचे, माल मागाहून, आणि वेळेत उचलला नाही तर तोही गेला. तथापि एका बाबतीत दोन्ही क्रेडिटांचे गोत्र जुळते. पीककर्जाची मर्यादा पिकागणिक ठरते. जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी बसून उसाला हेक्टरी इतके, ज्वारीला इतके, असे आकडे काढते. शेतकऱ्याने काही सांगण्याच्या आधीच त्याचा आकडा तयार असतो.

सॉफ्टवेअर हाती आले तेव्हा माणशी मर्यादेचा रकाना कोरा होता. कोरा म्हणजे अमर्याद. साठा सर्वांचा सामाईक. ज्याला जितके हवे त्याने तितके घ्यावे. प्रारंभी आम्हा सर्वांना ही व्यवस्था फार उदार वाटली. पहिल्या महिन्याच्या ११ तारखेला साठा संपला. कोणी लबाडी केली होती असे नव्हे. एका विभागाने जुन्या प्रश्नपत्रिकांची मोठी चळत यंत्राला वाचावयास देऊन ठेवली होती, आणि माणसे झोपली असताना यंत्र इमानेइतबारे वाचीत राहिले. उरलेले १९ दिवस बाकीचे विभाग कोऱ्या पडद्याकडे पाहत बसले.

ज्याने कालव्याचे पाणी पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला. सातारा जिल्ह्यात उगम आणि सांगली जिल्ह्यात शेवट, असा त्याचा प्रवास. लहानपणी सुट्टीत चुलत्यांबरोबर रात्रीच्या पाळीला मी जात असे. आमचे रान चारीच्या शेवटाला होते. कंदील बांधावर ठेवून आबा चारीत हात घालून बसत. पाणी येण्याआधी त्याचा गारवा येतो, असे ते म्हणत. कित्येक रात्री गारवाही येत नसे. मग आबा चारीच्या कडेकडेने वर चालत जात, आणि वाटेत कोणाचे दार उघडे राहिले आहे ते पाहत. वरच्या रानातला माणूस काही दुष्ट नसे. त्याच्या उसाला पाणी हवेच असे, आणि पाणी तर त्याच्या दारावरून चालले होते! पाटबंधारे खात्यातील शहाण्या माणसांनी यावर शेजपाळीचा नियम काढला: पाणी आधी टोकाला द्यावे, आणि मग एकेक रान घेत वर यावे. वरच्याला पाणी चुकत नाही. टोकाच्याला मात्र ते कोणीतरी मुद्दाम पोचवावेच लागते. हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला जातो ते टोकाच्या माणसाला विचारावे. पण नियम ज्याने केला त्याला शिवार ठाऊक होते, एवढे निश्चित.

पहिल्या महिन्याचा अनुभव आल्यावर आमच्या बैठकीने दुसऱ्या टोकाला उडी घेतली. एकूण क्रेडिटांना माणसांच्या संख्येने भागावे आणि येईल तो आकडा प्रत्येकाच्या नावावर टाकावा, असे ठरले. प्राचार्यांपासून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना सारखे. समतेचा इतका निर्भेळ प्रयोग आमच्या संस्थेत पूर्वी झाल्याचे मला आठवत नाही. आणि परिणाम काय? महिनाअखेरीस साठ्याचा मोठा भाग तसाच शिल्लक राहिला आणि बुडाला. कारण बहुतेकांनी ते सॉफ्टवेअर उघडूनही पाहिले नव्हते. उलट ज्यांचे काम खरोखरच त्यावर अडले होते, ते पहिल्याच आठवड्यात कोरडे पडले.

या बुडणाऱ्या शिलकेवरून मला कोयना आठवते. कृष्णेच्या पाण्याची वाटणी करण्यासाठी १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले, आणि कोयनेतून विजेसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. वर्ष मोजावयाचे ते १ जूनपासून ३१ मेपर्यंत. मे महिन्यात आमच्याकडील वर्तमानपत्रे या कोट्यातील किती पाणी उरले त्याच्या बातम्या देऊ लागतात, आणि १ जूनला नवे तांत्रिक वर्ष सुरू झाले की आकडा पुन्हा शून्यापासून चालतो. पण येथे एक भेद आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. न वापरलेला कोटा संपतो. पाणी संपत नाही. ते शिवसागरात राहते, किंवा पायथ्याने उतरून प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि आमच्या सांगलीच्या घाटापर्यंत येते. आमच्या क्रेडिटांना असा खालचा घाट नाही. १ तारखेच्या मध्यरात्री ती कोणाच्याही शेतात न जाता नाहीशी होतात.

कोयनेची आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. १९९९ च्या मार्च महिन्यात चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाला बोगदा भिडविण्यात आला. या एका टप्प्याची क्षमता १,००० मेगावॉट. यंत्रे वाढली म्हणून लवादाने पाणी वाढवून दिले, असे झाले नाही. उद्देश एवढाच की जे पाणी दिवसभर सारखे वाहवावयाचे ते संध्याकाळी, राज्यभर दिवे लागतात त्या घटकेला, जोराने सोडता यावे. मर्यादा तीच, ती केव्हा खर्चावयाची याची अक्कल मात्र नवी. आमच्या बैठकीत हा दाखला मी दिला तेव्हा एक सहकारी म्हणाले, “सर, आपण इंग्रजी शिकवता की पाटबंधारे?” सांगलीत राहणाऱ्या माणसाला हा भेद नेहमीच करता येतो असे नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. माझ्या हाताखाली एम.ए.ची एक विद्यार्थिनी आहे. घर जत तालुक्यात, शेती कोरडवाहू. आपल्या आजीच्या आणि आजीच्या मैत्रिणींच्या तोंडून तिने जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणल्या आहेत, आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर हा तिच्या प्रबंधिकेचा विषय आहे. ओव्या उतरून काढणे, एकच ओवी दोघींनी निराळी म्हटली असेल तर पाठभेद लावणे, शब्दांची सूची करणे, या कामी ती यंत्राची मदत घेते. सहामाहीनंतर तिचे तिसरे प्रकरण येईना. दोनदा विचारले तेव्हा तिने खाली मान घालून सांगितले, “सर, ५ तारखेला क्रेडिटं संपतात. मग १ तारखेपर्यंत थांबते.” मी विचारले, “मग वाढवून का मागितली नाहीस?” तिला खरोखरच आश्चर्य वाटले. “वाढवून मिळतात का, सर?”

माझ्याच वर्गातील, इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या, शहरातील दुसऱ्या विद्यार्थ्याला तेवढीच क्रेडिटे महिनाभर पुरून उरत होती. काम तर तिच्याइतकेच. हे गौडबंगाल मला उलगडेना, तेव्हा मी संगणक विभागाच्या त्या तरुण प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी जे समजावून सांगितले ते मराठीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे असे मला वाटते.

ही यंत्रे अक्षरे वाचीत नाहीत, शब्दही वाचीत नाहीत. ती मजकुराचे लहानलहान तुकडे पाडतात. त्यांना ‘टोकन’ म्हणतात, आणि आमच्या सॉफ्टवेअरात क्रेडिटे या तुकड्यांच्या हिशेबाने वजा होतात. कोणता तुकडा केवढा पाडावयाचा हे यंत्राने ज्या ग्रंथांवरून शिकून घेतले ते बहुतांशी इंग्रजी. त्यामुळे इंग्रजीतला नेहमीचा शब्द एकाच तुकड्यात बसतो, आणि मराठी शब्दाची मात्र खांडोळी होते. मुळातच संगणकाच्या प्रचलित लेखनपद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट जागा लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. आणि काना, वेलांटी, हलन्त ही सारी चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘स्त्री’ हा आपल्या डोळ्यांना एक अक्षराचा शब्द, पण संगणकाच्या लेखी ती ६ चिन्हे आणि १८ बाइट! तुकडे पाडण्याच्या पद्धती अलीकडे सुधारल्या आहेत. २०२४ साली एका मोठ्या कंपनीने नवी पद्धत आणली, तेव्हा तिच्या नमुन्यातील मराठी मजकुराचे तुकडे पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाले. तरीही इंग्रजीची बरोबरी झाली नाही. म्हणजे दोघांच्या नावावर आम्ही सारखा आकडा टाकला होता, परंतु जतच्या मुलीला तिच्या आजीची भाषा महाग पडत होती.

सारख्या आकड्याने सारखे मिळत नाही, हे आमच्या भागातील लोकांना शिकविण्याचे कारण नव्हते. सातारा जिल्ह्यात टेंभूजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने चढवीत आटपाडीकडे नेतात. नदीकाठच्या घनफुटात आणि आटपाडीच्या घनफुटात पाणी तेवढेच. पण दुसऱ्यात किती वीज जिरलेली आहे! ज्याने त्याने आपल्या पाण्याची वीज भरावी असा नियम ठेवला तर तो कागदावर निर्दोष दिसेल, आणि आटपाडीचा शेतकरी त्या निर्दोष नियमाने बुडेल. म्हणून टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी सोसावयाचा, असे सूत्र काढावे लागले. ते कोणी सुखासुखी दिले असे मात्र समजू नये. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने दुष्काळी तालुक्यांतील माणसे वर्षानुवर्षे पाणी परिषदांना जमली, मोर्चे निघाले, तेव्हा कोठे चढावरच्या माणसाचा चढ सरकारी हिशेबात धरला गेला.

त्याही आधी खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण उभे राहिले, ते लोकांनी लढून आणि राबून उभे केले. तेथील पाण्याची वाटणी जमिनीच्या मापाने न करता कुटुंबामागे करावयाची आणि भूमिहीनालाही वाटा द्यावयाचा, असे तत्त्व मांडले गेले. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० नंतरच्या दशकात पाणी पंचायत काढली तिचे नियम असेच होते: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचे, आणि ऊस मुळीच नाही. या शेवटच्या अटीचे मला फार कौतुक वाटते. नुसते माणशी सारखे वाटून भागत नाही; ते पाणी कशाला लागणार हेही आधी पाहावे लागते, हे त्या माणसाला कळले होते.

अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांच्या पंथाचे लोक जे सांगतात ते शिक्षकाला रोज दिसते. अमेरिकेत निवृत्तीच्या बचतयोजनेत नोकरदाराने अर्ज करून सामील व्हावयाचे असे ठेवले, तेव्हा पुष्कळजण बाहेर राहिले. सगळे आपोआप सामील, ज्याला नको त्याने कळवावे, असे उलटे करताच बहुसंख्य लोक आत राहिले. पैसे तेच, माणसे तीच. फक्त न बोलणाऱ्याचे काय होणार हे बदलले. थेलर यांनी याला आळस, विसराळूपणा अशी कारणे दिली आहेत. आमच्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे भीड. ‘वाढवून मागावे’ असा पर्याय पडद्यावर होता. पण मागणे म्हणजे आपली उधळपट्टी कबूल करणे, असे त्या मुलीला वाटले. ज्याच्या घरात सोसायटीची नोटीस येऊन गेलेली असते त्याला ‘मर्यादा संपली’ हे शब्द निराळे ऐकू येतात. शहरातल्या, सुखवस्तू घरातल्या मुलाला ते शब्द म्हणजे केवळ एक बटण दाबावयाची सूचना वाटते.

पुढच्या बैठकीत मी हे सारे मांडले. वाणिज्य विभागाच्या एका सहकाऱ्यांनी कसून विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे मुळीच टाकाऊ नव्हते. “आज मराठीला जास्त द्याल, उद्या कन्नडवाले येतील, परवा संस्कृतवाले. प्रत्येकाला सवलत लावीत बसलो तर आकडा ठेवायचाच कशाला?” मी म्हणालो, कन्नडवाले अवश्य यावेत, सांगलीत, मिरजेत आणि जतेत ते आपलेच विद्यार्थी आहेत. वाढीव मापाला सवलत म्हणणे हेच मला मान्य नव्हते. इंग्रजी मजकूर जेवढा बसतो तेवढाच मजकूर बसावा एवढीच मागणी. गज सर्वांना एकच असावा. त्यांचा दुसरा आक्षेप असा की यंत्राची अशी सढळ मदत मिळाली तर विद्यार्थी स्वतः विचार करणे सोडतील. या आक्षेपात तथ्य आहे. पण तसे असेल तर ते इंग्रजीत लिहिणाऱ्यालाही लागू आहे, आणि मराठीला तेवढी काटकसर लावून तो रोग बरा होणार नाही.

अखेर बराच घोळ होऊन असे ठरले. प्रत्येकाच्या नावावर आपोआप पडणारा आकडा लहान ठेवावा, पण देवनागरीत आणि कन्नडात काम करणाऱ्यांचा आकडा त्या प्रमाणात मोठा धरावा. साठ्यापैकी एक तृतीयांश सामाईक राखून ठेवावा. कोणाची क्रेडिटे तीन चतुर्थांश खर्ची पडली की यंत्राने त्याला नव्हे, ग्रंथपालांना कळवावे, आणि ग्रंथपालांनी स्वतः होऊन विद्यार्थ्याला विचारावे. रात्री आपोआप चालणाऱ्या मोठ्या कामांना आगाऊ परवानगी लागावी. आणि २० तारखेला ज्यांनी अद्याप काहीच उचललेले नाही त्यांचा वाटा राखीव साठ्यात घालून, जे कोरडे पडले असतील त्यांच्यापासून आरंभ करून तो वाटावा. या शेवटच्या कलमाला मी ‘शेजपाळी’ असे नाव सुचविले. इतिवृत्तात ते नाव गेले नाही. तेथे ‘पुनर्वाटप’ असा शुद्ध शब्द आहे.

ही पद्धत सुरू होऊन तीन महिने झाले. ग्रंथपालांची तक्रार आहे की त्यांचे काम वाढले, आणि ती खरी आहे. जतच्या मुलीचे तिसरे प्रकरण माझ्या टेबलावर आले आहे. त्यात एका शब्दाचा यंत्राने दिलेला अर्थ तिने खोडला असून समासात आजीने सांगितलेला अर्थ लिहिला आहे. मला दोन्ही ठाऊक नव्हते. मात्र येत्या जूनमध्ये विक्रेत्याशी करार नव्याने व्हावयाचा आहे, आणि एका क्रेडिटात किती काम बसावे हे केव्हाही बदलण्याचा हक्क त्याने त्यात स्वतःकडे राखून ठेवला आहे. ते कलम काढून टाकावे, निदान वर्षभर माप स्थिर ठेवावे, असे पत्र प्राचार्यांच्या सहीने गेले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.